बॅकग्राउंड थ्रेड आणि जावातील ऑब्जेक्टचे आयुष्य: नवोदितांसाठी मार्गदर्शक

जावा शिकताना सुरुवातीलाच आपल्याला सांगितले जाते की मेमरी मोकळी करण्याची चिंता प्रोग्रामरने करायची नाही, ते काम गार्बेज कलेक्टरचे, म्हणजेच जीसीचे आहे. हे विधान खरे आहे, पण प्रोग्राममध्ये दुसरा थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा दुसरा प्रवाह, सुरू झाला की ते अपुरे पडते. ज्या ऑब्जेक्टने थ्रेड सुरू केला त्याचा व्हेरिएबल आपण नल केला, मेथड संपली, खिडकी बंद झाली, म्हणजे तो ऑब्जेक्ट आणि त्याचा थ्रेड दोन्ही यथावकाश नाहीसे होतील, असे नवोदितांना वाटते. तसे होत नाही. जीसी मेमरी परत मिळवतो, पण चालू थ्रेड तो कधीही थांबवत नाही. उलट तो थ्रेड ज्या ज्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचू शकतो, ते सर्व जीसी जिवंत ठेवतो. हा लेख या एका वस्तुस्थितीवर उभा आहे. थ्रेड कोणाला धरून ठेवतो, ते कसे ओळखायचे आणि त्याला वेळेवर कसे थांबवायचे, हे आपण क्रमाने पाहू.

पहिली पायरी: जीसी कशाला जिवंत मानतो ते समजून घ्या

एखाद्या ऑब्जेक्टकडे किती रेफरन्स आहेत हे जीसी मोजत नाही. तो काही ठरावीक आरंभबिंदूंपासून निघतो आणि रेफरन्सच्या वाटेने जिथे जिथे पोहोचता येईल ते सर्व जिवंत धरतो. या आरंभबिंदूंना जीसी रूट म्हणतात. चालू थ्रेड, त्यांच्या स्टॅकवरील लोकल व्हेरिएबल, लोड झालेल्या क्लासची स्टॅटिक फील्ड आणि नेटिव्ह कोडने धरलेले रेफरन्स हे त्यांतले मुख्य प्रकार होत. दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत असले, तरी कोणत्याही रूटपासून त्यांच्याकडे वाट नसेल, तर दोन्ही गोळा होतात. म्हणून परस्परांना धरलेल्या ऑब्जेक्टची भीती जावात बाळगण्याचे कारण नाही. कोणत्याही रूटपासून निघून तुमच्या ऑब्जेक्टपर्यंत येणारी, तुम्हाला ठाऊक नसलेली वाट मात्र काळजीचा विषय आहे.

इथे थ्रेड ऑब्जेक्ट आणि प्रत्यक्ष चालणारा थ्रेड यांत फरक करायला हवा. न्यू लिहून थ्रेड ऑब्जेक्ट तयार केला, पण स्टार्ट बोलावले नाही, तर आजच्या जावात तो इतर कोणत्याही ऑब्जेक्टसारखाच असतो आणि त्याच्याकडे वाट उरली नाही की गोळा होतो. स्टार्ट बोलावल्या क्षणापासून रन मेथड संपेपर्यंत तो स्वतःच रूट असतो. त्याचा रेफरन्स तुमच्याकडे असो वा नसो, त्याने काही फरक पडत नाही. रन संपली, मग ती नेहमीच्या रीतीने संपो किंवा न पकडलेल्या एक्सेप्शनने, की तो पुन्हा साधा ऑब्जेक्ट होतो. संपलेले थ्रेड आपणच एखाद्या यादीत साठवत राहिलो, तर त्या यादीमुळे ते मागे राहतात, आणि तो दोष यादीचा असतो.

दुसरी पायरी: रेफरन्सची साखळी हाताने काढून पाहा

एक उदाहरण घेऊ आणि ते लेखभर सोबत ठेवू. फाइलनिरीक्षक नावाचा एक क्लास आहे. त्याच्याकडे एका फाइलचा पत्ता आहे आणि त्या फाइलमधील सर्व नोंदी एका मोठ्या मॅपमध्ये ठेवलेल्या आहेत. कन्स्ट्रक्टरमध्ये तो एक थ्रेड सुरू करतो. हा थ्रेड अनंत लूपमध्ये दर 30 सेकंदांनी फाइल बदलली का ते पाहतो आणि बदलली असल्यास मॅप नव्याने भरतो. थ्रेडचे काम एका अनामिक रनेबल क्लासमध्ये, फाइलनिरीक्षकच्या आतच लिहिले आहे. असा कोड सर्वत्र आढळतो आणि पहिल्या दिवशी तो अगदी नीट चालतो.

आता कागदावर साखळी काढा. चालू थ्रेड हा रूट आहे. थ्रेडकडे रनेबल आहे. रनेबल हा आतला क्लास असल्यामुळे त्याच्याकडे बाहेरच्या फाइलनिरीक्षकचा रेफरन्स आहे. हा रेफरन्स आपण लिहीत नाही, कंपायलर तो गुपचूप घालतो. फाइलनिरीक्षककडे मॅप आहे आणि मॅपमध्ये हजारो नोंदी आहेत. म्हणजे फाइलनिरीक्षक वापरणाऱ्याने आपला व्हेरिएबल सोडून दिला, तरी थ्रेडपासून शेवटच्या नोंदीपर्यंतची वाट अखंड आहे. प्रत्येक नव्या फाइलनिरीक्षकामागे एक न संपणारा थ्रेड आणि एक न सुटणारा मॅप मागे राहतो. ज्या सर्व्हरवर असे ऑब्जेक्ट वारंवार तयार होतात, तिथे मेमरी इतकी संथपणे भरत जाते की कित्येक दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशी साखळी काढण्याची सवय मला एका चुकीमुळे लागली. मी लिहिलेल्या एका सेवेत मेमरी वाढत होती आणि मी मॅपच्या आकारावर मर्यादा घालण्यात बराच वेळ घालवला, कारण हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत ते दाखवणाऱ्या यादीत, नोंदी सर्वांत वर दिसत होत्या. नोंदी जास्त नव्हत्या, मॅप जास्त होते, आणि प्रत्येक मॅपच्या मागे एकेक विसरलेला थ्रेड उभा होता. मेमरीत कोणती वस्तू जास्त आहे हा प्रश्न उपयोगाचा आहे, पण ती कोणत्या वाटेने धरली गेली आहे, हा प्रश्न त्याच्या आधी विचारावा.

आतल्या क्लासऐवजी लॅम्डा, म्हणजे नाव नसलेले छोटे फंक्शन, वापरला म्हणजे हा धोका टळतो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. लॅम्डा बाहेरच्या ऑब्जेक्टला तेव्हाच धरतो, जेव्हा त्याच्या आत त्या ऑब्जेक्टचे एखादे फील्ड किंवा मेथड वापरलेली असते. स्टॅटिक नसलेल्या मेथडचे एकच नाव आत आले की दिस, म्हणजे चालू ऑब्जेक्टचा रेफरन्स, पकडला गेला, आणि प्रत्यक्ष उपयोगाच्या बहुतेक लॅम्डांमध्ये ते नाव येतेच. चालू ऑब्जेक्टच्या मेथडचा मेथड रेफरन्स दिला, तरी हेच घडते. आतल्या क्लासच्या बाबतीत जावा 18 पासूनचा कंपायलर, बाहेरच्या ऑब्जेक्टचा खरोखर उपयोग होत नसेल, तर लपलेला रेफरन्स साधारणपणे गाळतो. पण आपल्या उदाहरणात मॅपचा उपयोग होतच आहे, त्यामुळे ही सुधारणा आपल्या मदतीला येत नाही.

म्हणून थ्रेडला द्यायचे काम स्टॅटिक नेस्टेड क्लासमध्ये किंवा स्वतंत्र क्लासमध्ये लिहावे आणि त्याला लागतील तेवढ्याच गोष्टी कन्स्ट्रक्टरमधून द्याव्यात, असा माझा आग्रह आहे. त्याने गळती आपोआप थांबत नाही, पण थ्रेडच्या हातात काय आहे ते क्लासच्या फील्डांच्या यादीत स्पष्ट दिसते.

आणखी एक दुरुस्ती याच ठिकाणी करून घ्यावी. कन्स्ट्रक्टरमध्ये थ्रेड सुरू करू नये. कन्स्ट्रक्टर पूर्ण होण्याआधीच नव्या थ्रेडला अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट दिसू शकतो, आणि सबक्लास असेल तर त्याची फील्ड बहुधा रिकामी असतात. थ्रेड सुरू करण्यासाठी वेगळी मेथड ठेवावी, किंवा ऑब्जेक्ट बनवून मग थ्रेड सुरू करणारी स्टॅटिक फॅक्टरी मेथड लिहावी.

तिसरी पायरी: थांबण्याची वाट आधी बांधा

थ्रेड बाहेरून मारून टाकण्याची सुरक्षित सोय जावात नाही. थ्रेडची स्टॉप मेथड 1998 च्या जावा 1.2 पासूनच डेप्रिकेट, म्हणजे वापरू नये अशी जाहीर, झालेली आहे, कारण ती थ्रेडला कामाच्या मध्येच सोडायला लावते, त्याने घेतलेली कुलपे उघडली जातात आणि अर्धवट बदललेली माहिती इतर थ्रेडना दिसते. जावा 20 पासून ती थ्रेड थांबवतच नाही. म्हणजे थ्रेडने स्वतःहून थांबावे लागते आणि आपण त्याला तशी विनंती करायची असते.

ही विनंती म्हणजे इंटरप्ट. थ्रेड स्लीप, वेट किंवा ब्लॉकिंग क्यूच्या टेकमध्ये अडकलेला असेल, तर इंटरप्टमुळे तिथून इंटरप्टेडएक्सेप्शन बाहेर येते. तो गणना करत असेल, तर केवळ त्याचा इंटरप्ट फ्लॅग चढतो, आणि तो अधूनमधून तपासण्याची जबाबदारी लूप लिहिणाऱ्याची असते. नवोदितांची सर्वाधिक चूक इथे होते. इंटरप्टेडएक्सेप्शन पकडून कॅच ब्लॉक रिकामा सोडला जातो. हे एक्सेप्शन फेकले जाताना फ्लॅग उतरलेला असतो, त्यामुळे रिकाम्या कॅचनंतर लूप पुढच्या फेरीला असा निघतो की जणू कुणी काही सांगितलेच नाही. कॅच ब्लॉक लूपच्या बाहेर ठेवा, म्हणजे एक्सेप्शन आले की लूप संपेल. ते शक्य नसेल, तर चालू थ्रेडवर इंटरप्ट पुन्हा बोलावून फ्लॅग परत चढवा आणि बाहेर पडा.

काही जण इंटरप्टऐवजी थांबा अशा अर्थाचा बूलियन फ्लॅग वापरतात. त्याला हरकत नाही, पण तो व्होलटाइल असायलाच हवा. तसे नसेल, तर दुसऱ्या थ्रेडने केलेला बदल या थ्रेडला दिसेलच अशी हमी जावाचे मेमरी मॉडेल देत नाही. जस्ट इन टाइम कंपायलर ते वाचन लूपच्या बाहेर काढू शकतो आणि लूप कायमचा चालू राहू शकतो. शिवाय 30 सेकंद झोपलेला थ्रेड फ्लॅग बदलल्याने जागा होत नाही, म्हणून फ्लॅग असला तरी इंटरप्टची जोड लागते. नेहमीच्या थ्रेडमध्ये जुन्या पद्धतीच्या सॉकेटवर वाचत बसलेला कोड इंटरप्टलाही दाद देत नाही. त्यासाठी दुसऱ्या थ्रेडमधून तो सॉकेटच बंद करावा लागतो.

आता फाइलनिरीक्षकला क्लोज मेथड द्या आणि त्याला ऑटोक्लोजेबल करा. क्लोजमध्ये थ्रेडला इंटरप्ट करा आणि तो संपण्याची जॉइन मेथडने ठरावीक काळ वाट पाहा. वापरणाऱ्याने ट्राय विथ रिसोर्सेस, म्हणजे शेवटी क्लोज आपोआप बोलावणारा ट्राय ब्लॉक, वापरला, तर ब्लॉक संपताच थ्रेड थांबतो, रूट नाहीसा होतो आणि मॅप जीसीच्या हाती लागतो. जॉइनला कालमर्यादा द्यावीच, कारण थ्रेड काही कारणाने अडकला, तर क्लोज बोलावणाराही त्याच्याबरोबर अडकून बसेल. क्लोज त्या बॅकग्राउंड थ्रेडमधूनच बोलावली जाण्याची शक्यता असेल, तर आधी चालू थ्रेड तोच आहे का ते तपासा, कारण स्वतःच्याच संपण्याची वाट पाहणारा थ्रेड कधीच संपत नाही.

चौथी पायरी: डीमनचा अर्थ नीट लावा

थ्रेड डीमन केला की मेमरीचा प्रश्न सुटतो, हा गैरसमज मला फार ठिकाणी आढळला आहे. डीमन या गुणधर्माचा संबंध फक्त प्रोग्राम संपण्याशी आहे. डीमन नसलेला एकही थ्रेड उरला नाही, की जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारे आभासी यंत्र, बंद होण्यास सुरुवात करते. प्रोग्राम चालू असेपर्यंत डीमन थ्रेड हा इतर थ्रेडइतकाच पक्का रूट असतो आणि तितकीच मेमरी धरून ठेवतो.

दुसऱ्या बाजूने त्यात एक धोकाही आहे. जेव्हीएम बंद होते तेव्हा डीमन थ्रेड जिथे असेल तिथेच सोडला जातो, त्याचे फायनली ब्लॉक चालतील याची खात्री नसते. फाइलमध्ये लिहिणारा थ्रेड डीमन केला, तर शेवटच्या ओळी अर्ध्यावर राहू शकतात. केवळ वाचणाऱ्या आपल्या फाइलनिरीक्षकाच्या थ्रेडला डीमन करणे रास्त आहे. लिहिणाऱ्याला करू नये. सेटडीमन ही स्टार्टच्या आधी बोलवावी लागते, नंतर बोलावल्यास एक्सेप्शन येते.

पाचवी पायरी: थ्रेडपूलचा मालक ठरवा

प्रत्यक्ष कामात आपण थ्रेड क्वचितच हाताने बनवतो; एक्झिक्युटरसर्व्हिस, म्हणजे तयार थ्रेडांचा पूल ठेवून त्यांना कामे देणारी सोय, वापरतो. तिथे साखळी थोडी लांब होते, नियम तोच राहतो. पूलमधील कामगार थ्रेड हे रूट आहेत, आणि कामगाराकडून पूलकडेही वाट जाते. त्यामुळे पूलचा व्हेरिएबल सोडून दिला आणि शटडाउन बोलावले नाही, तर ठरावीक आकाराचा पूल आपल्या निवांत बसलेल्या थ्रेडसह कायमचा राहतो. ते थ्रेड मुळात डीमन नसल्यामुळे मेन संपली तरी प्रोग्राम बंद होत नाही, आणि नवोदिताला पहिली शंका येते ती बहुधा यामुळेच. कॅश्ड पूलमध्ये 60 सेकंद काम न मिळालेला थ्रेड संपतो, म्हणून तिथे हा दोष लपून राहतो.

मेथडच्या आत, प्रत्येक हाकेला नवा पूल बनवणे ही या विषयातील सर्वांत महाग चूक आहे. पूल एखाद्या दीर्घायुषी ऑब्जेक्टचा असावा आणि त्या ऑब्जेक्टच्या क्लोजमध्ये पूल बंद व्हावा. शटडाउन नवी कामे नाकारते आणि घेतलेली कामे पूर्ण होऊ देते. शटडाउननाउ चालू कामांना इंटरप्ट करते आणि रांगेतील न सुरू झालेली कामे परत देते. नेहमीचा क्रम असा ठेवावा: आधी शटडाउन, मग अवेटटर्मिनेशनने ठरावीक काळ वाट, आणि तेवढ्यात न संपल्यास शटडाउननाउ. जावा 19 पासून एक्झिक्युटरसर्व्हिस स्वतःच ऑटोक्लोजेबल आहे, पण तिची क्लोज मेथड सर्व कामे संपेपर्यंत थांबते, म्हणून अनंत लूप चालवणारे काम पूलमध्ये असेल, तर केवळ क्लोजवर भिस्त ठेवता येत नाही.

पूलची रांग हीसुद्धा धरून ठेवणारी जागा आहे. ठरावीक आकाराच्या तयार पूलची रांग व्यवहारात अमर्याद असते. कामे येण्याचा वेग उरकण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर प्रत्येक प्रतीक्षेतले काम आपल्याबरोबर पकडलेले सर्व ऑब्जेक्ट घेऊन रांगेत उभे राहते. तिथे थ्रेड थांबवून उपयोग नाही. थ्रेडपूलएक्झिक्युटर स्वतः बनवून त्याला मर्यादित रांग द्यावी आणि रांग भरल्यावर काय करायचे ते आधीच ठरवावे.

वेळापत्रकाने कामे चालवणाऱ्या पूलमध्ये आणखी दोन गोष्टी अनपेक्षित वाटतात. पहिली अशी की तासाभराने चालणारे काम आपण रद्द केले, तरी मूळ रचनेत ते रांगेतून लगेच निघत नाही. त्याची वेळ येईपर्यंत ते तिथेच, आपल्या सर्व रेफरन्ससह, पडून राहते. शेड्यूल्डथ्रेडपूलएक्झिक्युटरच्या सेटरिमूव्हऑनकॅन्सलपॉलिसी या मेथडला ट्रू हे मूल्य दिले, की रद्द होताच काम रांगेतून काढले जाते. कालमर्यादा राखण्यासाठी हजारो कामे लावून ती लगेच रद्द करणाऱ्या प्रोग्राममध्ये या एका ओळीने मोठा फरक पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कामातून एकदा एक्सेप्शन बाहेर पडले, की पुढच्या फेऱ्या मुकाट्याने बंद होतात. थ्रेड जिवंत, पूल जिवंत, काम मात्र संपलेले, आणि लॉगमध्ये काहीच नाही. म्हणून अशा कामाच्या रन मेथडमध्ये सर्वांत बाहेर एक ट्राय ब्लॉक ठेवून एक्सेप्शनची नोंद करावी.

सहावी पायरी: थ्रेडलोकल रिकामा करा

थ्रेडलोकलमध्ये ठेवलेले मूल्य त्या त्या थ्रेडच्या खासगी मॅपमध्ये जाते. या मॅपमध्ये किल्ली, म्हणजे थ्रेडलोकल ऑब्जेक्ट, वीक रेफरन्सने धरलेली असते, म्हणजे केवळ त्या रेफरन्समुळे जीसी तिला जिवंत ठेवत नाही. मूल्य मात्र पक्क्या रेफरन्सने. थ्रेड संपला की मॅपही संपतो. पूलमधील थ्रेड मात्र संपतच नाही, त्यामुळे एका कामाने ठेवलेले मूल्य पुढच्या शेकडो कामांपर्यंत तिथेच राहते. याने मेमरी अडकते हे एक, पण त्याहून गंभीर म्हणजे एका वापरकर्त्याची माहिती दुसऱ्या वापरकर्त्याच्या कामाला दिसू शकते. सेट केल्यानंतर लगेच ट्राय ब्लॉक सुरू करावा आणि त्याच्या फायनलीमध्ये रिमूव्ह बोलवावे. मूल्य नल सेट करणे हा त्याचा पर्याय नव्हे, कारण तशाने नोंद शिल्लक राहते.

सातवी पायरी: क्लोज विसरले गेले तरी सावरण्याची तजवीज

आपण लायब्ररी लिहीत असू, तर वापरणारा क्लोज बोलावेलच याचा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी ऑब्जेक्ट बेवारस झाला की थ्रेडने ते ओळखून स्वतः थांबावे, अशी रचना करता येते. ती क्लोजची जागा घेत नाही. केवळ शेवटचा आधार म्हणून असते. पूर्वी यासाठी फायनलाइझ मेथड वापरत. ती जावा 9 मध्ये डेप्रिकेट झाली आणि जावा 18 मध्ये ती पुढे काढून टाकण्याचे ठरल्याची खूण तिच्यावर आली, म्हणून नव्या कोडमध्ये तिचा विचारही करू नये. मुळात आपल्या उदाहरणात ती कधी चाललीच नसती, कारण थ्रेडने धरलेला ऑब्जेक्ट बेवारस होतच नाही.

पहिला मार्ग वीकरेफरन्सचा आहे. थ्रेडच्या कामाला फाइलनिरीक्षकचा थेट रेफरन्स न देता वीकरेफरन्स द्यावा. प्रत्येक फेरीत काम त्याच्यावर गेट बोलावते. नल मिळाले तर मालक गेला असे समजून लूप संपवते, अन्यथा मिळालेल्या ऑब्जेक्टवर काम करते. यातला नाजूक भाग असा की गेटने दिलेला रेफरन्स पक्का असतो, आणि तो लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याच मेथडमध्ये 30 सेकंद झोपलो, तर त्या काळात स्टॅकवरून ऑब्जेक्ट धरला जाऊ शकतो. थ्रेडचा बहुतेक वेळ झोपण्यातच जातो, म्हणजे वीकरेफरन्सचा हेतूच वाया जातो. म्हणून एका फेरीचे काम वेगळ्या मेथडमध्ये लिहावे. तिने गेट बोलावून काम उरकावे आणि पुढे चालू ठेवायचे की नाही एवढेच सांगत परतावे. झोप बाहेरच्या लूपमध्ये असावी. क्यूवर थांबणाऱ्या थ्रेडमध्ये अमर्याद थांबणाऱ्या टेकऐवजी कालमर्यादेचा पोल वापरावा, नाहीतर मालक गेला आहे का हे तपासण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

दुसरा मार्ग जावा 9 मध्ये आलेल्या क्लीनरचा आहे आणि मला तो अधिक नेटका वाटतो. यात ऑब्जेक्टचे दोन भाग करावे लागतात. आतला भाग म्हणजे मॅप, फाइलचा पत्ता आणि थ्रेड. बाहेरचा भाग म्हणजे वापरणाऱ्याच्या हाती दिलेला पातळ ऑब्जेक्ट, जो आतल्या भागाला धरतो. उलट दिशेने रेफरन्स अजिबात असू नये. थ्रेड आतल्या भागाला धरेल, आणि ते चालेल, कारण बाहेरच्या भागाकडे त्याची वाट नाही. आता बाहेरचा ऑब्जेक्ट क्लीनरकडे नोंदवा आणि सोबत थ्रेडला इंटरप्ट करणारी कृती द्या. बाहेरचा ऑब्जेक्ट बेवारस झाल्याचे जीसीला आढळले, की त्यानंतर क्लीनरचा स्वतःचा डीमन थ्रेड ती कृती चालवतो, थ्रेड थांबतो आणि मग आतला भागही सुटतो. नोंदणीतून मिळालेल्या क्लीनेबलची क्लीन मेथड आपल्या क्लोजमधून बोलवावी. ती कृती जास्तीत जास्त एकदाच चालते, त्यामुळे क्लोज आणि जीसी दोन्ही आले तरी गोंधळ होत नाही.

या कृतीत बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स चुकूनही येता कामा नये. क्लीनर कृतीला धरतो आणि कृतीने ऑब्जेक्टला धरले, तर ऑब्जेक्ट कधीच बेवारस होणार नाही. कृती लॅम्डाने लिहिली आणि तिच्यात एखादे फील्ड आले, की नेमके हेच घडते, आणि कंपायलर कोणतीही सूचना देत नाही. म्हणून कृतीसाठीही स्टॅटिक नेस्टेड क्लासच लिहावा.

एक बारकावा थोडा पुढचा आहे, पण क्लीनर वापरणाऱ्याला तो माहीत असावा. ऑब्जेक्टची मेथड चालू असतानाही तो ऑब्जेक्ट गोळा होऊ शकतो. मेथडने सुरुवातीलाच आतला भाग लोकल व्हेरिएबलमध्ये घेतला आणि त्यानंतर दिसचा उपयोगच उरला नाही, तर जेव्हीएमच्या दृष्टीने बाहेरचा ऑब्जेक्ट तिथेच मृत आहे, आणि काम अर्ध्यावर असताना क्लीनर थ्रेड थांबवू शकतो. हे टाळण्यासाठी मेथडच्या फायनलीमध्ये रेफरन्स क्लासची रीचेबिलिटीफेन्स ही मेथड दिस देऊन बोलावतात. तिच्यामुळे त्या ओळीपर्यंत ऑब्जेक्ट जिवंत मानला जातो.

क्लासलोडर आणि व्हर्च्युअल थ्रेड यांविषयी थोडेसे

सर्व्हर न थांबवता वेब ॲप्लिकेशन काढून नवे बसवले जाते, तिथे एक विसरलेला थ्रेडही महागात पडतो. प्रत्येक थ्रेडकडे त्याचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर, म्हणजे क्लास मेमरीत आणणारा ऑब्जेक्ट, असतो, आणि क्लासलोडरने लोड केलेले सर्व क्लास व त्यांची स्टॅटिक फील्ड त्याच्यामागे येतात. म्हणजे एका थ्रेडमुळे जुने ॲप्लिकेशन संपूर्णच मेमरीत राहते. टॉमकॅट हा जावा वेब सर्व्हर ॲप्लिकेशन बंद करताना अशा थ्रेडचे नाव घेऊन लॉगमध्ये इशारा देतो. तो इशारा निरुपद्रवी समजून सोडून देऊ नये.

जावा 21 मध्ये स्थिरावलेले व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जेव्हीएमने स्वतः सांभाळलेले हलके थ्रेड, या बाबतीत वेगळे आहेत. त्यांचा स्टॅक हीपवर, म्हणजे ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीत, ऑब्जेक्टच्या रूपात असतो आणि तो जीसी रूट मानला जात नाही. पण थेट थ्रेडच्या एपीआयने बनवलेल्या व्हर्च्युअल थ्रेडचा माग रनटाइम मुळातच ठेवत असतो, त्यामुळे अडकलेला व्हर्च्युअल थ्रेड आपोआप गोळा होईल, असे धरून प्रोग्राम लिहू नये. ते सर्व डीमनच असतात, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटची पायरी: तपासून खात्री करा

तपासणीची तयारी कोड लिहितानाच होते. प्रत्येक थ्रेडला अर्थपूर्ण नाव द्या. पूलसाठी थ्रेडफॅक्टरी लिहून ते करता येते. नाव दिले नाही, तर यादीत पूल-1-थ्रेड-1 अशी नावे दिसतात आणि त्यांचा मालक कोण ते कळत नाही. प्रोग्राम चालू असताना जेडीकेसोबत मिळणारे जेसीएमडी हे साधन प्रोसेस क्रमांक देऊन चालवावे. त्याची थ्रेड.प्रिंट ही आज्ञा चालू थ्रेडची यादी त्यांच्या स्टॅकसह देते. एकाच नावाचे थ्रेड दर तासाला वाढत असतील, तर गळती तिथेच आहे. जीसी.क्लास_हिस्टोग्राम ही आज्ञा कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत ते सांगते. जीसी.हीप_डंप संपूर्ण हीप फाइलमध्ये उतरवते. ही फाइल इक्लिप्स मेमरी ॲनालायझरमध्ये उघडून संशयित ऑब्जेक्टपासून जीसी रूटपर्यंतची वाट मागावी आणि वीक, सॉफ्ट व फँटम रेफरन्स वगळण्याचा पर्याय निवडावा. वाटेच्या शेवटी थ्रेडचे नाव दिसले, की दुसऱ्या पायरीत कागदावर काढलेली साखळी तुमच्यासमोर पडद्यावर असते. चालू सर्व्हरवर हीप डंप घेताना प्रोग्राम काही काळ थांबतो आणि फाइल मोठी होते, म्हणून वेळ व डिस्कवरील जागा पाहूनच ही आज्ञा द्यावी.

सातव्या पायरीतील रचना बरोबर जमली आहे का, हे छोट्या चाचणीने पाहता येते. चाचणीत फाइलनिरीक्षक एका वेगळ्या मेथडमध्ये बनवा आणि त्या मेथडने फक्त त्याचा वीकरेफरन्स आणि थ्रेडचा रेफरन्स परत द्यावा, म्हणजे चाचणीच्या स्टॅकवर पक्का रेफरन्स उरणार नाही. मग एका लूपमध्ये सिस्टमची जीसी मेथड बोलवा, 100 मिलिसेकंद थांबा आणि वीकरेफरन्सचे गेट नल देते का ते पाहा. 50 फेऱ्यांत नल आले नाही, तर चाचणी नापास करा. नल आल्यावर थ्रेडवर पाच सेकंदांची जॉइन बोलवा आणि तो खरोखर संपला का ते तपासा. वीकरेफरन्सचा मार्ग घेतला असेल, तर फेरीचा काळ चाचणीपुरता 30 सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणावा, अन्यथा झोपलेल्या थ्रेडला मालक गेल्याचे कळण्याआधीच जॉइनची मुदत संपेल. सिस्टमची जीसी मेथड ही केवळ विनंती आहे, आणि डिसेबलएक्सप्लिसिटजीसी हा पर्याय देऊन जेव्हीएम चालवली असेल, तर तिच्याकडे दुर्लक्षच होते. त्यामुळे ही मेथड चाचणीपुरतीच वापरावी आणि चाचणी त्या पर्यायाशिवाय चालवावी. आता मुद्दाम थ्रेडच्या कामात बाहेरच्या ऑब्जेक्टचा एक थेट रेफरन्स घाला आणि चाचणी पुन्हा चालवा. ती नापास व्हायलाच हवी. झाली नाही, तर चाचणीच चुकली आहे आणि आधी ती दुरुस्त करावी लागेल.